यादीत २८, गावात किती? एका ग्रामपंचायतीच्या दिव्यांग सर्वेक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक गाव. लोकसंख्या ४,२०० च्या आसपास, घरं साधारण ८५०. गावठाण, शेताकडच्या दोन वस्त्या आणि दीड किलोमीटरवर बंजारा तांडा. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घडामोडींचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. पूर्वी तो ३ टक्के होता. या गावाची घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं मिळून वर्षाला ९ लाख जमतात, म्हणजे दिव्यांगांच्या वाट्याला ४५,०००. यादीत नावं २८. दरवर्षी मार्चअखेर जवळ आली की ४५,००० ला २८ ने भागायचं, प्रत्येकी १,६०० खात्यावर टाकायचे आणि लेखापरीक्षणासाठी सह्या घेऊन ठेवायच्या. चार-पाच वर्षं हे असंच चाललं आणि कोणाची तक्रारही नव्हती.

नव्याने बदलून आलेल्या ग्रामसेवकाला एक गोष्ट खटकली. तांड्यावर ६०० माणसं राहतात आणि यादीत तिथलं एकही नाव नाही. मग यादी नीट पाहिली गेली. २८ पैकी २१ पुरुष, ७ बायका. जवळजवळ सगळे एक तर पायाने किंवा हाताने अधू, नाहीतर दृष्टिहीन. कमी ऐकू येणारा एकच. बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, सिकल सेल, बरा झालेला कुष्ठरोग या खाली शून्य. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. ही यादी मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या दोन प्रकारांवरच अडली होती.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.६४ टक्के. तोच हिशेब लावला तर या गावात १११ माणसं निघायला हवीत. जनगणनेचा आकडाही कमीच धरावा लागतो, त्याचं कारण पुढे येईल.

नेमकं बिनसलं कुठे

यादी आशा आणि अंगणवाडी सेविकांनी घरोघर फिरून केली होती. कामचुकारपणा नव्हता. प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला होता: "घरात कोणी अपंग आहे का?"

एका दारातलं बोलणं पुढे उजळणीच्या वेळी आशाताईने जसं सांगितलं, ते असं. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आजी म्हणाली, "नाही बाई, आमच्यात कोणी अपंग नाही." मागे उंबऱ्याशी तिची नात उभी होती. एक पाय बारीक, हात गुडघ्यावर दाबून चालणारी, वय १९. आशाने नजरेनेच विचारलं. आजी म्हणाली, "ती होय? ती पायानं जराशी अधू आहे, तेवढंच. लग्नाची पोर आहे, कागदावर नको काही." आशाने पुढचं दार गाठलं.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. आजीच्या लेखी अपंग म्हणजे जो कमावत नाही, ज्याला दुसऱ्याने उचलून न्यावं लागतं तो. नात पाणी भरते, स्वयंपाक करते, मग ती अपंग कशी? गावात अशा माणसांसाठी शब्दांची वाण नाही. पायानं अधू, कानानं कमी, नजरेनं मंद, डोक्यानं हलका, भोळा, साधा, देवाचं लेकरू. यातला एकही शब्द फॉर्मवर नव्हता. फॉर्मवरचा शब्द कोणी आपल्या माणसाला लावत नव्हतं.

शब्दाच्या मागून भाव येतो आणि भावाच्या मागून हिशेब. ज्या घरात मुलीचं लग्न व्हायचं आहे तिथे 'अपंग' म्हणजे स्थळ गेलं. ज्या म्हाताऱ्याचा कुष्ठरोग २० वर्षांपूर्वी औषधाने बरा झाला, त्याच्या मनात अजून 'महारोगी' हाच शब्द घर करून आहे, तो कशाला नाव देईल? आणि पेन्शनच्या योजनेच्या नावातच 'निराधार' आहे. चार मुलगे असलेल्या बाईला निराधार म्हणून अर्ज करायला सांगणं म्हणजे त्या चारही मुलांची गावात शोभा करणं. अर्ज राहून जातो तो अनेकदा एवढ्यासाठीच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. यादी मंजूर आहे, पैसे वाटले जातात, लेखापरीक्षणात आक्षेप नाही. सरपंचांचा कल सुरुवातीला इकडेच होता.

दुसरा म्हणजे शब्द बदलणं. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं आणि थोड्याच काळात तो शब्द सरकारी कागदांवर आला. सर्वांना तो पटला असं नाही. दिव्य अंग म्हणजे नेमकं कोणतं, असा प्रश्न अपंगांच्या चळवळीतूनच विचारला गेला आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताच्या अहवालावर मत देताना या शब्दाबद्दल नापसंती नोंदवली. या गावात तो वाद पोचलाच नाही. तिथे वेगळंच झालं. फॉर्मवर 'अपंग' खोडून 'दिव्यांग' लिहिलं आणि एका वस्तीत पुन्हा विचारून पाहिलं. २ नावं वाढली, ३ कमी झाली. कमी का झाली? लोकांना वाटलं दिव्यांग म्हणजे कार्डवाला. "आमच्याकडं कार्ड नाही, मग आम्ही कसले दिव्यांग?" नव्या शब्दाला गावाने स्वतःचा अर्थ लावला होता: ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि ज्याला एसटीत सवलत मिळते तो. कार्ड असलेल्या दोघांना तर कार्डावरच्या टक्क्यांवरून गावात 'साठ टक्के' आणि 'पंचाहत्तर टक्के' अशी नावंच पडली होती.

तिसरा पर्याय दवंडीचा. लाऊडस्पीकरवरून पुकारा करायचा आणि ज्याला यायचं त्याने ग्रामपंचायतीत येऊन नाव द्यायचं. मसुदा तयारही झाला: "गावातील सर्व दिव्यांग बांधवांना कळविण्यात येते की..." एका सदस्याबाईंनी विचारलं, "बांधव म्हणजे बायका कुठं आल्या यात?" हे हसण्यावारी गेलं, पण यादीतलं २१ विरुद्ध ७ हे प्रमाण समोर होतंच. शिवाय ग्रामपंचायतीच्या दाराशी तीन पायऱ्या. पुकारा ऐकू न येणारा आणि पायऱ्या न चढणारा, दोघेही दारातच गाळले जाणार.

ग्रामसभेत कोणीतरी असंही सुचवलं की वाईट शब्द वापरणाऱ्याला दंड करा. कायद्यात तशी सोय आधीच आहे. सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण इथे अपमान करणारं कोणी नव्हतं. आजी नातीला जपतच होती.

उरला चौथा पर्याय: माणूस कोण आहे हे विचारायचंच नाही, त्याला काय करायला जड जातं ते विचारायचं. हे काही गावात लागलेले शोध नव्हेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये बसलेल्या वॉशिंग्टन ग्रुपने यासाठी सहा प्रश्नांचा संच केला आहे: बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं आणि बोलणं-समजणं. प्रत्येकाला चार उत्तरं. त्यांची एक सूचनाच अशी की प्रश्नात 'अपंगत्व' हा शब्द येऊ द्यायचा नाही. २०११ च्या जनगणनेत तो थेट प्रश्नातच होता, म्हणून तिचा आकडाही कमीच धरायचा.

प्रश्न मराठीत आणताना

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. छापील मराठी भाषांतर जवळ होतं, पण एका गल्लीत २० घरांवर ते वापरून पाहिलं तेव्हा ते कोसळलं.

भाषांतरात शब्द होता 'अडचण'. "चालताना अडचण येते का?" दोन तरुण सुना लाजून आत गेल्या. गावात बाईला 'अडचण' म्हणजे मासिक पाळी. मग 'त्रास' घातला. आता साठीच्या पुढची प्रत्येक बाई 'हो' म्हणू लागली, कारण त्रास म्हणजे दुखणं आणि गुडघे कोणाचे दुखत नाहीत? तिसऱ्या फेरीत 'जड जातं का' हा प्रयोग आशांनीच सुचवला आणि तो बसला. "चालायला, पायऱ्या चढायला जड जातं का?" उत्तरं अशी ठेवली: अजिबात नाही, थोडं जातं, खूप जड जातं, जमतच नाही.

पण एकच क्रियापद सगळीकडे चालेना. ऐकण्याला मराठीत जड जात नाही, 'कमी येतं'. म्हणून तिथे "ऐकायला कमी येतं का? कानाचं मशीन लावलं तरी?" बघण्याच्या प्रश्नात "चष्मा लावूनसुद्धा" हे शब्द गाळले की अर्धं गाव यादीत येतं, म्हणून ते ठळक छापले. आवरण्याच्या प्रश्नात "अंघोळ करायला, कपडे घालायला" असं उघड लिहिलं. नुसतं 'स्वतःची काळजी' म्हटलं तर लोक औषधपाण्याबद्दल बोलू लागतात.

सहावा प्रश्न तांड्यामुळे महत्त्वाचा ठरला. मूळ संचात "तुमच्या नेहमीच्या भाषेत" असे शब्द आहेत. ते वगळून मराठीतच विचारलं असतं तर घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी म्हातारी माणसं 'समजायला खूप जड जातं' या रकान्यात पडली असती. तांड्यावर सहावा प्रश्न गोरमाटीत विचारायचा असं ठरलं आणि त्यासाठी तिथल्याच अंगणवाडी मदतनीस बाईंना सोबत घेतलं.

संचाला मर्यादा आहेत आणि त्या आधीच लिहून ठेवल्या. पाच वर्षांखालच्या मुलांना हे प्रश्न लागू नाहीत. तीन वर्षांच्या पोराला अंघोळ जमत नाही हे अपंगत्व नव्हे. मानसिक आजार या सहांतून नीट पकडला जात नाही. म्हणून शेवटी एक जास्तीचा प्रश्न घातला: "मन सारखं उदास, घाबरलेलं राहतं आणि त्यामुळे रोजची कामं सुटतात, असं होतं का?"

सर्वेक्षण

आशा चार होत्या. प्रशिक्षणाला एक दुपार मिळाली आणि तिच्यातला तासभर म्हणींवर गेला. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणावं की नाही, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं याला पर्याय काय, अशी रंगलेली चर्चा. म्हणी महत्त्वाच्या नाहीत असं नाही, पण त्या दुपारी त्यांची जागा नव्हती. प्रश्न विचारण्याच्या सरावाला जेमतेम २० मिनिटं उरली आणि ते पुढे भोवलं.

एका घराला १२ ते १५ मिनिटं लागतात हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ८५० घरं, चार आशा, रोजची कामं सांभाळून. पुऱ्या व्हायला सहा आठवडे गेले. आशांनी मोबदला मागितला आणि तो रास्त होता. सामान्य निधीतून घरामागे १० रुपये दिले गेले, ५ टक्के निधीला हात लावला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ग्रामसेवकाने १० टक्के घरं दुसऱ्या आशेकडून पुन्हा तपासून घेतली. एका गल्लीचे ४० फॉर्म ओळीने 'अजिबात नाही' असे निघाले. ते देवळाच्या ओट्यावर बसून भरले होते. दुसरी चूक जास्त सूक्ष्म होती. आशा प्रश्न न विचारता माणसाकडे बघून खूण करत होत्या. धडधाकट दिसणारा गवंडी "अजिबात नाही"मध्ये गेला. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की त्याला मागून दिलेली हाक ऐकू येत नाही आणि दोनदा तो परांचीवरून पडता पडता वाचला आहे. नियम मग असा केला: प्रश्न पूर्ण वाचायचा, घरातल्या प्रत्येकाला स्वतः विचारायचं, सासूने सुनेचं उत्तर दिलं तर सून घरी असताना परत जायचं.

त्याच आजीच्या दारात आशा पुन्हा गेली. "आजी, घरात कोणाला चालायला, पायऱ्या चढायला जड जातं का?" आजी लगेच म्हणाली, "हिला जातं की. खूप जड जातं. विहिरीवरनं येताना दोनदा बसती." फॉर्म भरला गेला. कोणालाही काही म्हणवून घ्यावं लागलं नाही.

'खूप जड जातं' किंवा 'जमतच नाही' असं निदान एका प्रश्नाला उत्तर आलेल्या व्यक्ती १७१ निघाल्या. त्यात ९४ जण साठीच्या पुढचे. बायका निम्म्याहून जास्त. तांड्यावरचे २३.

पैशांचा निर्णय

इथे खरी ठिणगी पडली. ४५,००० ला १७१ ने भागलं की प्रत्येकी २६३ रुपये येतात. जुने २८ जण ग्रामसभेत उठून उभे राहिले: "आमच्या ताटातलं काढून वाटताय." दुसऱ्या बाजूने प्रश्न आला, म्हातारपण म्हणजे दिव्यांगपण का? दोन्ही प्रश्न खोटे नव्हते.

जुन्या फॉर्मचे रकाने होते नाव, प्रकार, टक्केवारी, सही. अशा तक्त्यातून डोकी मोजून पैसे वाटणं एवढंच सुचतं. नव्या फॉर्ममध्ये 'काय जड जातं' हा रकाना होता आणि तो उतरत्या क्रमाने लावला तेव्हा खर्चाची वेगळीच यादी समोर आली. पायऱ्या आणि चढ सगळ्यात वर, त्याखाली ऐकणं, मग शौचाला बसणं. हे तिसरं मूळ प्रश्नांत नव्हतंच. आवरण्याच्या प्रश्नाला लोक ते आपणहून जोडून सांगत होते.

बराच खल झाल्यावर त्या वर्षापुरती वाटणी अशी ठरली. जुन्या २८ जणांना प्रत्येकी ५००, म्हणजे १४,०००. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी न्यायला जीपच्या चार फेऱ्या, १४,०००. उरलेल्या १७,००० मध्ये कमोड खुर्च्या आणि काठ्या. कानाची मशीनं विकत घ्यायची नाहीत असं ठरलं, कारण अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत शिबिरातून ती मिळतात. तिथवर माणूस पोचवणं हाच खर्च. कार्यालयाच्या तीन पायऱ्यांवर रॅम्प वित्त आयोगाच्या आराखड्यात घातला. पहिल्या अंदाजपत्रकात रॅम्पची लांबी २ मीटर लिहिली होती. पायऱ्यांची एकूण उंची ४५ सेंटिमीटर आणि उतार १ ला १२ धरला तर लांबी ५.४ मीटर लागते. २ मीटरच्या रॅम्पवरून खुर्ची चढत नाही, उलटी घरंगळते. अंदाजपत्रक बदलून घेतलं.

जे झालं आणि जे फसलं

जीपने ४१ जण गेले. २६ जणांना सवलतींसाठी लागणारं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात आजीची नातही होती. ती गेली कारण कागदावर आधी 'काय जड जातं' लिहिलं होतं, 'अपंग' हा शिक्का रुग्णालयात पहिल्यांदा दिसला. तोवर एसटीची सवलत आणि शिक्षणातलं आरक्षण यांची माहिती घरात पोचली होती. उरलेल्या १५ जणांतले काही ४० च्या खाली आले, काहींना तज्ज्ञ डॉक्टर नसल्याने परत बोलावलं. परत बोलावलेल्यांपैकी निम्मे गेलेच नाहीत.

एक चूक मात्र गंभीर होती. पारदर्शकतेच्या नावाखाली नवी यादी फलकावर लावली, तीही प्रकारासकट. एका नावापुढे 'मनोरुग्ण' असं लिहिलं गेलं. जास्तीच्या प्रश्नाला त्या माणसाने विश्वासाने उत्तर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी कागद फाडलेला होता आणि त्या घराने नाव काढून टाकायला सांगितलं. मानसिक आरोग्याची माहिती गोपनीय ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने फलकावर फक्त नाव आणि रक्कम ठेवली, पण त्या गल्लीत शेवटचा प्रश्न पुढच्या फेरीला कोणी उत्तरेना.

काय वेगळं करता आलं असतं

फलकाचा मसुदा सर्वेक्षण सुरू होण्याआधी ठरवायला हवा होता. कोणता रकाना कार्यालयाच्या कपाटात राहील आणि कोणता भिंतीवर जाईल, हे आशांना दारात सांगता आलं असतं.

पैशांची चर्चा आकडे येण्याआधी व्हायला हवी होती. १७१ हा आकडा २८ जणांना धमकीसारखा ऐकू आला, कारण समान वाटप हेच गृहीत होतं. आधी ग्रामसभेत "पैसे वाटायचे की अडलेलं काम सोडवायचं" हे ठरलं असतं तर आकडा वाढल्याचं कोणाला दुःख झालं नसतं. साठीच्या पुढच्या ९४ जणांचं काय करायचं हे अजून लोंबकळत आहे. त्यांना वेगळ्या यादीत टाकण्याची सूचना आहे, पण साठीच्या आधीपासूनच ज्यांना दिसत नाही अशी तीन माणसं त्यात आहेत आणि वयाची रेघ ओढली की ती कापली जातील.

सराव २० मिनिटांऐवजी दोन तास हवा होता, जोडीजोडीने, एकमेकींना विचारून. आणि तांड्यावर सहावाच नव्हे, सगळेच प्रश्न गोरमाटीत न्यायला हवे होते. 'जड जातं' हा प्रयोग गावठाणात बसला म्हणून तो तिथेही चालेल असं धरलं. मदतनीस बाई नंतर म्हणाल्या की दोन घरांत लोकांनी ओझं उचलण्याबद्दल उत्तरं दिली होती. ती २३ नावं पुन्हा तपासायची आहेत.